उजेडाचा हिशेब

रस्त्याकडेच्या पर्जन्यवृक्षाच्या बुंध्याला खालपासून पहिल्या फांदीपर्यंत बारीक दिव्यांची माळ घट्ट गुंडाळलेली असते. वर फांद्यांतून हिरवे-निळे दिवे लोंबतात आणि वायर जागेवर राहावी म्हणून कुठे खिळा, कुठे तारेचा आवळा दिलेला असतो. मुंबईपासून ठाण्यापर्यंतच्या अनेक रस्त्यांवर गेल्या काही वर्षांत हे दृश्य नित्याचे झाले. जी-२० परिषदेच्या बैठकांच्या निमित्ताने डिसेंबर २०२२ पासून मुंबई महानगरात सुशोभीकरणाची जी लाट आली, तिने या माळांना अधिकच बळ दिले. पाहुणे आले, गेले. माळा मात्र झाडांवरच राहिल्या.

ठाण्यातील एका पर्यावरण कार्यकर्त्याने यावर मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. झाडांना दिवे गुंडाळणे, खिळे ठोकणे हे महाराष्ट्र नागरी क्षेत्र झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ च्या हेतूशी विसंगत असून रात्रीच्या कृत्रिम उजेडाने झाड, त्यावरचे पक्षी आणि कीटक या सर्वांनाच बाधा पोहोचते, असे त्यात म्हणणे होते. २०२४ मध्ये न्यायालयाने मुंबई, ठाणे आणि मीरा-भाईंदर या महानगरपालिकांना नोटिसा काढल्या. त्यानंतर मुंबईत झाडांवरील दिवे उतरविण्यास सुरुवातही झाली. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरची ही बातमी अनेकांच्या नजरेतून निसटली असेल. पण तिने उपस्थित केलेला प्रश्न साधा नाही. दिवा ही आपल्या संस्कृतीत मांगल्याची खूण. तो अपायकारक कसा ठरू शकेल?

पानांना दिवस आणि रात्र यांचे भान असते. कळी केव्हा धरायची, पान केव्हा गाळायचे, हे अनेक वृक्ष रात्रीच्या लांबीवरून ठरवितात. अखंड उजेडात उभ्या असलेल्या झाडाचे हे गणित चुकते. रस्त्यावरील दिव्यालगतच्या फांद्यांची पानगळ लांबते, हे थंड प्रदेशांतील शहरांत पुष्कळदा नोंदले गेले आहे. पक्ष्यांचे तसेच. दिव्याखालच्या फांदीवर बसलेली चिमणी वा बुलबुल पहाट होण्याआधीच बोलू लागते. आणि कीटकांची अवस्था तर प्रत्येक घराच्या ओसरीवर पावसाळ्यात दिसतेच. ते दिव्याभोवती फिरत राहतात, थकतात, पडतात.

हे सारे सांगण्याचे कारण असे, की याच उजेडाचा उपयोग करून जगातील काही कलावंतांनी गेल्या दोन दशकांत माणसाला त्याच्या वागण्याचा आरसा दाखविला आहे. प्रकाशकला म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे रंगीत कारंजे, लेसरचे खेळ किंवा एखाद्या इमारतीवर पाडलेली चित्रे येतात. त्यांत प्रेक्षक नुसता पाहतो. येथे ज्या कलाकृतींचा विचार करावयाचा आहे, त्यांत प्रेक्षक सहभागी असतो. त्याच्या चालण्याने, थांबण्याने, कधी त्याच्या घरातील विजेच्या बटणाने कलाकृती बदलते. तिचा विषयही तोच असतो: माणूस आणि त्याने निसर्गावर उमटविलेला ठसा.

यांतील सर्वांत बोलके उदाहरण फिनलंडचे आहे. राजधानी हेलसिंकी शहरात साल्मिसारी नावाचे कोळशावर चालणारे वीजकेंद्र होते. शहराला वीज आणि घरे उबदार ठेवण्यासाठी लागणारी उष्णता तेथून मिळे. हे केंद्र कुठे दूर रानात नव्हते. रुओहोलाहती या दाट वस्तीच्या भागाला ते जवळजवळ लागूनच होते. हिवाळ्यात त्याच्या धुराड्यातून निघणारा पांढरा लोट सगळ्या शहराला दिसे, आणि रोजचाच असल्यामुळे कोणालाच दिसत नसे.

हेलन इव्हान्स आणि हाइको हान्सेन हे पॅरिसमध्ये काम करणारे कलावंत-युगुल ‘हेहे’ या नावाने ओळखले जाते. त्यांनी २२ ते २९ फेब्रुवारी २००८ या आठवड्यात या लोटावर हिरवा लेसर सोडला. वाऱ्याने लोट हलला की उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याच्या साहाय्याने त्याची बाह्यरेषा टिपली जाई आणि लेसर ती रेषा आकाशात गिरवीत राही. काळ्या आकाशात हिरव्या कडेचा एक ढग तरंगताना दिसे. कलाकृतीचे नावच होते ‘न्युआज व्हेर’, म्हणजे हिरवा ढग.

इथपर्यंत तो एक सुंदर देखावाच. खरी मेख पुढे होती. त्या भागातील विजेच्या वापराची आकडेवारी वीजकंपनीकडून घेऊन ती लेसरशी जोडलेली होती. रहिवाशांनी वीज कमी वापरली की हिरवा ढग मोठा होई. वापर वाढला की तो आकसे. शेवटच्या दिवशी, २९ फेब्रुवारीला, सायंकाळी सात ते आठ या तासात शक्य ती उपकरणे बंद करून बाहेर यावे, असे आवाहन करण्यात आले. लोकांनी घरातील दिवे मालवले, थंडीत रस्त्यावर आले आणि वर पाहू लागले. त्या तासात विजेची मागणी ८०० केव्हीए इतकी घटली; एका पवनचक्कीच्या तासाभराच्या उत्पादनाशी आयोजकांनी तिची तुलना केली. त्याच वर्षी ऑस्ट्रियातील आर्स इलेक्ट्रॉनिका या संस्थेचा सर्वोच्च पुरस्कार, गोल्डन नीका, या प्रकल्पास मिळाला.

विजेचे बिल महिन्याने येते. ते आकड्यांत असते आणि आकडा हा कोणालाही फारसा हलवीत नाही. साल्मिसारीच्या आकाशात मात्र बिल त्या क्षणी आणि सर्वांसमक्ष मांडले गेले. शेजाऱ्याने गीझर बंद केला तर त्याचा परिणाम आपल्याला दिसतो, आपण बंद केला तर त्याला. जमाखर्चाची वही चौकात उघडी ठेवण्यासारखेच हे झाले. मात्र एका तासाच्या काटकसरीने कोळसा थांबत नाही, हेही तितकेच खरे. साल्मिसारीतील कोळसा थांबला तो २०२५ च्या वसंतात, सरकारी धोरण, बाजारभाव आणि उष्णतेच्या नव्या साधनांमुळे. त्याचे श्रेय हिरव्या ढगाला देणे हे भाबडेपणाचे होईल.

शिवाय अशी वही उघडी ठेवणे प्रत्येकाला रुचत नाही. हेच कलावंत पुढे पॅरिसच्या सँ-तुआँ या उपनगरात कचरा जाळणाऱ्या केंद्राच्या धुरावर असाच प्रयोग करू इच्छित होते. तेथे त्यांना परवानगी मिळाली नाही. रोज जो धूर उघड्यावर सोडण्यास कोणाची हरकत नव्हती, त्या धुराकडे लोकांचे लक्ष वेधण्यास मात्र हरकत होती.

हे वाचताना ठाकुर्लीच्या रहिवाशांना एक जुनी गोष्ट आठवल्याशिवाय राहणार नाही. मुंबईत व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला ही पहिली विजेवरची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी धावली. पुढे कल्याणहून पुणे आणि इगतपुरीकडे जाणारे घाटमार्ग विजेवर आणण्यासाठी त्या वेळच्या जी.आय.पी. रेल्वेने ठाकुर्लीजवळ चोळे गावी, उल्हास खाडीच्या बाजूस, कोळशावर चालणारे वीजकेंद्र उभारले. गावकऱ्यांच्या बोलण्यात ते नुसते ‘पॉवर हाऊस’. डोंबिवलीत पन्नास-साठच्या दशकांत वाढलेल्या पिढीला घरी येण्याची दिशा त्याच्या धुराड्यावरून कळत असे. आगगाडीच्या इंजिनाचा धूर गेला म्हणून प्रवासी सुखावले. तो धूर एका ठिकाणी गोळा होऊन चोळ्याच्या आकाशात जात होता, एवढेच. केंद्र बंद पडून कित्येक वर्षे लोटली. साल्मिसारी आणि चोळे यांच्यात हवामानाखेरीज फारसे अंतर नव्हते: तेच कोळशाचे ढीग, तेच शेजारी वस्ती वाढत जाणे. चोळ्याच्या धुराकडे कोणी हिरवा दिवा वळवून पाहिला नाही, इतकाच फरक.

आज डोंबिवलीच्या आकाशाला रंग देण्यासाठी कलावंताची गरज उरलेली नाही. साठच्या दशकात येथे औद्योगिक वसाहत आली. रंग, औषधे, रसायने आणि कापड-प्रक्रिया यांचे कारखाने आले. त्यांच्या कुशीतच निवासी विभाग वाढला. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातील औद्योगिक क्षेत्रांचा जो प्रदूषण निर्देशांक काढला, त्यात डोंबिवलीला १०० पैकी ७८.४१ गुण मिळाले. परीक्षेत हे गुण पेढे वाटण्याजोगे. येथे ७० च्या वर गेलेला भाग ‘अतिप्रदूषित’ गणला जातो. महाराष्ट्रात तिच्यापुढे फक्त चंद्रपूर होते. जानेवारी २०१४ मध्ये डोंबिवलीत हिरवट पाऊस पडला. लोकांनी बादल्यांत ते पाणी धरून छायाचित्रे काढली. फेब्रुवारी २०२० मध्ये औद्योगिक भागातील एक रस्ता चक्क गुलाबी झाला. तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी स्वतः येऊन पाहणी केली आणि प्रदूषण करणाऱ्या कारखान्यांवर कारवाईचे आदेश दिले. त्या दोन्ही वेळी देशभर चर्चा झाली.

येथे थोडे थांबून विचार करण्याजोगे काही आहे. हिरवा पाऊस आणि गुलाबी रस्ता यांनी जेवढी दखल घ्यायला लावली, तेवढी त्या निर्देशांकाच्या ७८.४१ या आकड्याने लावली नव्हती. निर्देशांक अभ्यासकांच्या टेबलावर राहिला. रंग रस्त्यावर आला. वास्तविक निवासी विभागातील माणूस रात्री खिडकी लावून झोपतो तो वासामुळे, रंगामुळे नव्हे. आणि वास छायाचित्रात येत नाही. मे २०१६ आणि मे २०२४ मध्ये तेथील कारखान्यांत भीषण स्फोट झाले, प्रत्येक वेळी दहाहून अधिक माणसे प्राणास मुकली, कित्येक इमारतींच्या काचा फुटल्या. स्फोटानंतरचे काही आठवडे सर्वांचे डोळे उघडे असतात. हळूहळू ते मिटतात.

हेलसिंकीसारखा प्रयोग येथे करावयाचा झाला तर ढगाचा आकार विजेच्या वापराशी जोडण्यापेक्षा हवेच्या मोजणीशी जोडणे अधिक योग्य ठरेल. मोजणीची यंत्रे आहेत, त्यांचे आकडे संगणकावर खुलेही असतात. पण कामावरून रात्री आठच्या गाडीने उतरणारा माणूस संगणक उघडून हवेचा निर्देशांक पाहत नाही. स्टेशनाबाहेरच्या एखाद्या भिंतीवर हिरवा, पिवळा, लाल असा एकच मोठा दिवा त्या आकड्याप्रमाणे रंग बदलत राहिला, तर निदान रिक्षाच्या रांगेत उभे असताना तो दिसेल. ही कल्पना फार मोठी नाही, खर्चाचीही नाही. तिला परवानगी मिळेल का, हा प्रश्न सँ-तुआँचा अनुभव पाहता अनुत्तरित ठेवलेला बरा.

दुसरे उदाहरण पाण्याचे. डान रोजगार्ड हा डच कलावंत. नेदरलँड्सचा बराच भाग समुद्रसपाटीखाली आहे आणि बांध, पंप व जलव्यवस्थापन मंडळे यांच्या भरवशावर तो देश कोरडा राहतो. तेथल्या नव्या पिढीला या भरवशाची जाणीव उरली नाही, अशी खंत होती. २०१५ मध्ये एका जलमंडळाच्या निमित्ताने त्याने ‘वॉटरलिख्त’ ही कलाकृती केली आणि त्याच वर्षी ती ॲमस्टरडॅमच्या संग्रहालय-चौकातही मांडली. निळ्या प्रकाशाचे लाटांसारखे हलणारे पातळ थर लोकांच्या डोक्यावर पसरविले होते. बांध नसते तर पाणी कुठवर आले असते, ती उंची त्या प्रकाशाने दाखविली. हजारो माणसे त्या निळ्या पाण्याखाली चालत होती. लहान मुले उड्या मारून पृष्ठभागाला हात लावू पाहत होती.

उल्हास नदीच्या काठच्या माणसाला हा निळा प्रकाश वेगळ्या अर्थाने परिचयाचा आहे. आपल्या पाटबंधारे विभागाच्या नकाशावर नदीकाठाने दोन रेषा असतात. सर्वसाधारणपणे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. घरासाठी कर्ज देताना, बांधकामाला परवानगी देताना या रेषा कागदावर पाहिल्या जातात. निदान पाहिल्या जाव्यात, असा नियम आहे. त्या जमिनीवर कोणीच पाहत नाही. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, ही नोंद सर्वांच्या तोंडी आहे. त्याच दिवशी बदलापूर, कल्याण आणि वालधुनी-उल्हासच्या काठच्या वस्त्यांत काय झाले, हे त्या मानाने कमी सांगितले गेले. तळमजले बुडाले, गुरे गेली, कित्येक कुटुंबांनी दोन रात्री गच्चीवर काढल्या. पाणी उतरल्यावर भिंतींवर चिखलाची एक आडवी रेघ राहिली. ती रेघ म्हणजे नकाशावरील रेषा प्रत्यक्षात उतरलेली होती. वर्षभरात रंगकाम झाले आणि रेघ पुसली गेली.

चौदा वर्षांनी, २७ जुलै २०१९ रोजी, मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान उल्हासच्या पुरात अडकली. सुमारे १०५० प्रवाशांना बोटी आणि अन्य साधनांनी बाहेर काढावे लागले. त्यांत प्रसूतीच्या जवळ आलेल्या स्त्रियाही होत्या. आसपासचे गावकरी मदतीला धावले. ज्या जागी गाडी उभी होती, ती जागा नदीची होती. रेल्वेचे रूळ तेथून जात होते, एवढेच. आज त्या पट्ट्यात नव्या गृहसंकुलांचे फलक ‘नदीकिनारी निवास’ असे मोठ्या अक्षरांत सांगतात. त्या फलकांशेजारी एक रात्र, माणसाच्या डोक्याच्या वर, २००५ च्या पाण्याची उंची निळ्या प्रकाशाने दाखविली, तर सदनिका पाहावयास आलेली कुटुंबे कोणता प्रश्न विचारतील? विक्री-कार्यालयातील तरुणाला त्याचे उत्तर देणे अवघड जाईल.

आपल्याकडे अशा प्रकारचे काही झालेच नाही, असे मात्र नाही. दिल्लीत डिसेंबर २००८ मध्ये ‘४८ अंश सेल्सियस’ या नावाचा सार्वजनिक कलेचा आणि पर्यावरणाचा महोत्सव झाला होता. २०१५ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय प्रकाशवर्ष म्हणून घोषित केले, तेव्हा वर्षारंभीच पणजीत प्रकाश या विषयावर विज्ञान आणि कला एकत्र आणणारा महोत्सव भरला. मुंबईत २०१७ च्या अखेरीस ससून डॉकमध्ये स्टार्ट इंडिया या संस्थेने भरविलेला कलाप्रकल्प तर पुष्कळांनी पाहिला असेल. १८७५ मध्ये बांधलेल्या त्या गोदीत, कोळी भगिनींच्या मासळीच्या टोपल्यांच्या शेजारी, सिंगापूरच्या तान झी शी या कलावतीने टाकाऊ प्लॅस्टिकचा समुद्र मांडला होता. बाटल्या, पिशव्या, डबे छताला टांगलेले. खालून चालणाऱ्याला आपण पाण्याखाली आहोत आणि वर कचऱ्याचा पृष्ठभाग आहे, असे वाटावे. बाहेर पडताच दहा पावलांवर खरा समुद्र होता, आणि त्याच्या कडेला तसाच कचरा.

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे नोंदविला पाहिजे. पर्यावरणाची काळजी सांगण्यासाठी वीज जाळायची, सामान जगभर फिरवायचे, हे कितपत सयुक्तिक? ओलाफुर एलियासन या कलावंताने २०१५ मध्ये हवामान परिषदेच्या वेळी पॅरिसच्या चौकात ग्रीनलंडहून आणलेले हिमखंड वितळण्यासाठी ठेवले, तेव्हा हाच आक्षेप घेतला गेला. त्याच्या बाजूने एक गोष्ट मात्र सांगता येते. त्या वाहतुकीने किती कार्बन वातावरणात गेला, याचा हिशेब त्याने बाहेरच्या संस्थेकडून करवून तो जाहीर केला. कलावंताने स्वतःचा लेखा तपासून घेणे, ही प्रथा आपल्या उत्सवमंडळांनी आणि सुशोभीकरणाच्या निविदा काढणाऱ्यांनी उचलावी इतकी चांगली आहे. झाडांवरील एका चौकाच्या रोषणाईचे मासिक बिल किती, हे त्याच चौकात लिहून ठेवण्यास काय हरकत आहे?

रोषणाईचे समर्थक म्हणतात, हे एलईडी दिवे आहेत, त्यांना वीज लागते कितीशी? म्हणणे खोटे नाही. २०१५ पासून सरकारी योजनेतून घरोघरी आणि रस्तोरस्ती हे दिवे पोहोचले आणि एका दिव्यामागचा खर्च खरोखरच घटला. पण इंग्रज अर्थशास्त्रज्ञ विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स याने १८६५ मध्येच कोळशासंबंधी एक निरीक्षण नोंदविले होते. वाफेचे इंजिन जितके काटकसरी झाले, तितका कोळशाचा एकूण खप वाढला, कारण स्वस्त झालेली गोष्ट माणूस अधिक जागी वापरू लागतो. साठ वॅटचा पिवळा दिवा होता तेव्हा कोणी पिंपळाला दिवे गुंडाळले नव्हते. ते परवडतच नसे. उजेड स्वस्त झाला आणि तो नको तेथेही सांडू लागला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रात्रीच्या आकाशाच्या जागतिक नकाशानुसार मानवजातीच्या एक तृतीयांशाहून अधिक लोकांना आपल्या घरावरून आकाशगंगा दिसत नाही. नागरिकांनी केलेल्या ताऱ्यांच्या मोजणीवर आधारलेला २०२३ चा एक अभ्यास सांगतो, की आकाशाची ही कृत्रिम उजळणी वर्षाला सुमारे दहा टक्क्यांनी वाढते आहे. दहा टक्के चक्रवाढीने रक्कम साधारण सात-आठ वर्षांत दुप्पट होते, हे मुदतठेवी ठेवणाऱ्यांना वेगळे सांगावयास नको.

दिव्यावर जीव येतात, ही गोष्ट जैन घरांना कोणी नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. सूर्यास्तापूर्वी जेवण उरकण्याच्या रीतीमागे इतर कारणांबरोबर हेही एक कारण पूर्वापार सांगितले जाते. चौविहार पाळणारे कितीतरी नोकरदार आजही मुंबईच्या कार्यालयातच सायंकाळचा डबा उघडतात, किंवा डोंबिवली-कल्याणकडे परतताना गाडीत मांडीवर घेऊन दोन घास खातात. आणि दिव्यांचा सण म्हणजे दीपावली. तिचा उगम कल्पसूत्रात सांगितला आहे तो भगवान महावीरांच्या निर्वाणरात्रीचा. ज्ञानाचा प्रकाश गेला, म्हणून काशी-कोसलच्या अठरा गणराजांनी द्रव्यप्रकाश केला. तो उजेड एका अमावास्येपुरता होता आणि त्याला कारण होते. चौकातल्या झाडावर तीनशे पासष्ट रात्री जळणाऱ्या माळेला कारण विचारले, तर उत्तर सापडत नाही. त्या माळेखाली सकाळी झाडलोट करणाऱ्या कामगाराच्या केरसुणीत पंख निघालेल्या किड्यांचा जो थर येतो, त्याची जयणा कोणी करायची?

काजवा हा या सगळ्या गोष्टीतील सर्वांत लहान प्रकाशकलावंत. मे महिन्याच्या अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत, वळवाचे एक-दोन पाऊस झाले की कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात, भंडारदऱ्याच्या आसपास, हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर हजारो काजवे एकाच वेळी लुकलुकू लागतात. पोटातील ल्युसिफेरिन नावाच्या द्रव्याचा प्राणवायूशी संयोग होऊन हा उजेड निर्माण होतो. त्यात उष्णता जवळजवळ नसतेच. दिव्याच्या इतिहासात माणसाला एवढी काटकसर साधलेली नाही. काजव्याचे आयुष्य बहुतेक अळीच्या रूपात, ओल्या मातीत गोगलगाई खात जाते. पंख फुटल्यावर जेमतेम दोन-तीन आठवडे उरतात आणि तेवढ्यात जोडीदार शोधायचा असतो. नर उडत उडत खूण करतो, मादी पानावरून उत्तर देते. संवाद सर्वस्वी उजेडाचा; म्हणून बाहेरचा उजेड पडला की तो संवाद तुटतो.

ठाणे-कल्याणहून कसारा घाट ओलांडून तीन-चार तासांत भंडारदऱ्याला पोहोचता येते. म्हणून शनिवारी रात्री त्या अरुंद रस्त्यांवर गाड्यांची रांग लागते. काजवे पाहावयास आलेल्या गाड्यांचे प्रखर दिवे त्याच झाडांवर पडतात. मग भ्रमणध्वनीचे दिवे. प्रेक्षकाच्या हजेरीने बदलणारी कलाकृती म्हणतात ती हीच. फक्त येथे प्रेक्षक जितके वाढतील तितकी ती विझत जाते. वनखात्याने रात्रीच्या प्रवेशाला वेळ आणि नियम लावले, ते योग्यच झाले. स्थानिक तरुण मार्गदर्शक आता गाड्या लांब उभ्या करावयास लावतात. लहान मुले पहिली पाच मिनिटे काळोखाला भितात. नंतर डोळे सरावतात आणि एक झाड आतून उजळल्यासारखे दिसू लागते.

याच राज्याच्या दुसऱ्या टोकाला पेंच व्याघ्र प्रकल्पाने वेगळीच वाट धरली. जानेवारी २०२४ मध्ये नागपूरजवळचा हा प्रकल्प भारतातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यतेस पात्र ठरला. त्यासाठी वाघोली, सिल्लारी, पिपरिया आणि खापा या गावांतील शंभराहून अधिक सार्वजनिक दिवे बदलण्यात आले. ते काढून टाकले नाहीत. त्यांचे तोंड जमिनीकडे केले, वरचा भाग झाकला. गावकऱ्यांना रस्ता दिसतो, विंचू-साप दिसतो, आणि वर आकाशही दिसते. वाघोलीच्या तळ्याजवळच्या मनोऱ्यावर आता दुर्बीण आहे, आणि वाघ पाहावयास आलेल्या मंडळींना रात्री आकाशही पाहता येते.

नेदरलँड्समध्ये फ्रानेकर नावाचे एक छोटे गाव आहे. वॉटरलिख्तचा कर्ता रोजगार्ड याने २०२१ मध्ये तेथे एक नवी कलाकृती केली. तीत त्याने एकही दिवा लावला नाही. दुकानांच्या पाट्या, रस्त्यावरचे खांब, घरांतील दिवे, सर्व काही गावकऱ्यांच्या संमतीने काही वेळ बंद केले. लोक दारात खुर्च्या टाकून बसले. काही वृद्धांनी आपल्याच अंगणातून आकाशगंगा कित्येक वर्षांनी पाहिली. वेळ संपल्यावर एकेक खांब पुन्हा पेटू लागला, आणि वर पाहत बसलेल्यांपैकी काहींनी आपापल्या घरातला दिवा लावण्याची घाई केली नाही.